गॅरेजमधले वीस फूट

आबा,

तुमचं गॅरेज मी रिकामं केलं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला रागवायचं असेल तेवढं रागावून घ्या आणि मला बाकीचं सावकाश लिहू द्या. शटरपासून स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत उजव्या भिंतीलगत आता एकही वस्तू नाही. चार फूट रुंद आणि बावीस फूट लांब, नुसती मोकळी जमीन. मी स्वतः टेप लावून मोजली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली आणि मग शटर अर्धं खाली ओढून तिथंच फरशीवर बसले. हात काळे झाले होते, कंबर धरली होती, केसांत जळमटं होती. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत या घरात मी काहीतरी जिंकलं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तुम्ही गॅरेज बांधलंत ते गाडीसाठी. पुराचं पाणी येणारी गल्ली म्हणून घराचं जोतं दोन फूट वर उचललंत आणि शेजारी रस्त्याच्या पातळीला गॅरेज काढलंत. पण गाडी घेतलीत तेव्हा आत जागाच उरली नव्हती. ती गाडी शेवटपर्यंत कडुलिंबाखाली उभी राहिली आणि तिच्यावर कायम पाखरांची घाण. आत काय होतं, तर मोटर नसलेले दोन कूलर, फुटलेल्या ट्यूबा, मिठाईचे आणि तेलाचे डबे, पाइपांचे तुकडे, एका पायाचं स्टूल. आई म्हणायची, "आवं, ह्यातलं काईतरी टाका." तुम्ही वर न बघता म्हणायचात, "लागंल कवातरी." आणि खरंच कुणाला तरी काहीतरी लागायचं, तुम्ही आत शिरायचात आणि नेमकी ती वस्तू हातात घेऊन बाहेर यायचात. तुम्हाला ती कशी सापडायची हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

मी नववीत असताना दिवाळीच्या आधी ती मधली फळी आवरली होती, आठवतं का? सगळे खिळे एका डब्यात, स्क्रू दुसऱ्यात, वॉशर तिसऱ्यात. कौतुक होईल म्हणून मी दारातच उभी आहे. तुम्ही मार्केट यार्डातल्या कामावरून येता, शर्टाच्या कॉलरवर हळद बसलेली असते. फळीकडे बघता. "कुणाला इचारून?" एवढंच विचारता. मग जेवायची हाक येईपर्यंत तुम्ही आत बसून ते सगळं पुन्हा वेगळं करत होतात. डब्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. आबा, तुम्ही ओरडला असतात तर मी विसरले असते. त्यानंतर मी त्या शटरच्या आत पाऊल ठेवलं नाही. मला कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही खिशाला लावायचा टेस्टर आणून दिलात. "कुठं करंट हाय ते आधी बघावं, मग हात घालावा," म्हणालात. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे. पण गॅरेजला मी तेव्हाही हात घातला नाही आणि तुम्ही गेल्यावरही नाही. कुलूप लावलं आणि किल्ली देव्हाऱ्यामागे ठेवली.

गेल्या वर्षी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन साताऱ्यात झालं, कारण धाकटा तिथं आहे, आणि ती त्याच्याकडेच राहिली. वॉकर घेऊन ती घरातल्या घरात चार पावलं टाकते, पण पायरी चढता येत नाही. आपल्या पुढच्या दाराला पाच पायऱ्या आणि त्यांच्यापुढं लगेच गटार आणि रस्ता. चाकाची खुर्ची चढवायला उतार करायचा तर जागा कुठं? गवंडी बघून गेला. म्हणाला, "दोन फूट चढायचं तर वीस फूट तरी उतार पायजे, न्हाईतर खुर्ची उलटी येतीया अंगावर. तेवढी जागा तुमच्या गॅरेजातच हाय. पर तिथं जागा कुठाय?" आई फोनवर सांगायची, "हितल्या खिडकीतनं अजिंक्यतारा दिसतो. पर डोंगराकडं बघून बघायचं तरी किती? त्यो काय बोलतुय व्हय?" मी हसायची आणि फोन ठेवायची. असे अकरा महिने गेले.

मग एका शनिवारी धाकट्याचा फोन आला. "ताई, उताराचं जमणार नसेल तर सरळ सांग. आईचं पेन्शनचं, आधारकार्डाचं, सगळं इकडच्या पत्त्यावर करून घेतो. एकदाच काय ते." त्याचं चुकीचं नव्हतं. तो करतोय, त्याची बायको करतेय, मी लांबून विचारपूस करतेय. मी काही बोलायच्या आत आईनं फोन त्याच्या हातातून घेतला. "मला हितंच ठिवायचं ठरलंय व्हय तुमचं? ठरलं आसंल तर सांगून टाक. म्हंजी मी वाट बगायची सोडते." आवाज चढवला नव्हता. भाजी काय करायची ते विचारावं तसं विचारलं. मी म्हणाले, "पंधरा दिवसांनी ये. उतार झालेला असेल." मागून धाकट्याचा आवाज, "नऊ वर्षांत झालं नाही ते पंधरा दिवसांत?" मी म्हणाले, "हो." गवंड्याला फोन केला तर तो म्हणाला, "नवव्या दिवशी सोमवारी जमीन मोकळी दिलीत तर करतो. चुकलं तर मग दिवाळीनंतर बोला." म्हणजे माझ्याकडे पुढचा रविवार संपेपर्यंतचाच वेळ होता. मी रजा टाकली, देव्हाऱ्यामागची किल्ली काढली आणि कुलपात तेल सोडलं.

आबा, निम्मं भंगारच होतं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण तुमच्या हयातीत कुणाची बोलायची हिंमत नव्हती. कूलर, ट्यूबा, छत्र्यांच्या सात काड्या, मेलेल्या बॅटऱ्या, सगळं बाहेर काढलं. भंगारवाला हातगाडी घेऊन आला. त्यानं एक कूलर उलटा करून बघितला आणि हसायलाच लागला. "बाई, ह्यो मीच इकला हुता की तुमच्या वडलांना. आन् ही ट्यूब बी. परत घ्यायला लावताय व्हय मला?" त्यानं तीन फेऱ्या केल्या. मंगळवारपर्यंत मधली वाट मोकळी झाली आणि मला जोर आला. मग डावीकडच्या मांडणीवर त्या पुरचुंड्या सापडल्या. जुन्या कापडात बांधलेल्या, मुठीएवढ्या, काही नारळाएवढ्या. मोजल्या, त्रेपन्न. एक सोडली, तर आत नळाचा स्पिंडल, दोन वॉशर, एक किल्ली आणि वायरचा तुकडा. दुसरीत मिक्सरचं बटण, एक स्प्रिंग, तीन वेगवेगळे स्क्रू. कशाचा कशाला मेळ नाही. मी प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. बाटली कुठली, कप्पा कुठला, चिठ्ठी कशी लावायची हे मला कुणी शिकवायला नको. दोन दिवसांत मी एक्कावन्न पुरचुंड्या सोडल्या. स्क्रू एकीकडे, वॉशर एकीकडे, किल्ल्या एका बरणीत, बटणं दुसऱ्या. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, स्वच्छ अक्षरात. कापडं हात पुसायला कोपऱ्यात टाकली. फोटो काढून धाकट्याच्या बायकोला पाठवले. आईला दाखव म्हटलं.

पाच मिनिटांत आईचा व्हिडिओ कॉल. तिचं अर्धंच तोंड दिसत होतं, नाकापासून वर.

"आगं, पुरचुंड्या कुणी सोडल्या?"

"मी."

"समद्या?"

"दोन राहिल्यात."

आईनं फोन आणखी जवळ ओढला. मग म्हणाली, "आगं बाई, ती आक्खी गल्ली हुती. तू मिसळून टाकलीस."

मग तिनं सांगितलं ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. फौजेत तुमच्याकडं गाड्यांची दुरुस्ती होती, तेव्हा प्रत्येक गाडीची वेगळी पेटी असायची. ज्या गाडीचं सामान त्याच गाडीच्या पेटीत. दुसऱ्या गाडीचा नट चांगला दिसला तरी तो इकडं घालायचा नाही. इथं आल्यावर तुम्ही गल्लीतल्या ज्या ज्या घरात पंप, शेगडी, मिक्सर, कुलूप दुरुस्त केलंत, त्या प्रत्येक घराची एक पेटी केलीत. फक्त पेटीऐवजी त्याच घरातलं एक जुनं कापड मागून आणायचात. पुढच्या वेळी हाक आली की ती एकच पुरचुंडी घेऊन निघायचात. आणि मी नववीत कौतुकानं जे खिळे एकत्र केले, ते बहुतेक सहा-सात घरांचे होते. तुम्ही हे मला त्या वेळी सांगायला हवं होतं, आबा. मी ऐकलं असतं. तुम्हालाही बोलायला जमत नव्हतं आणि मलाही विचारायला जमलं नाही. आपण दोघं एकाच मुशीतले.

त्या गुरुवारी मला पहिल्यांदा वाटलं, हे सोडून द्यावं. सगळं पोत्यात भरून भंगारात घालावं, जमीन मोकळी झाल्याशी कारण. जमीन मोकळी झालीही असती. पण आईनं फोन ठेवताना विचारलं होतं, "कापडं तरी हायत का?" मी कोपऱ्यातला ढीग बघितला. एका कापडाला काळं ग्रीस लागलं होतं, बाकीची तशीच होती. मी परत व्हिडिओ कॉल लावला, एकेक झटकून कॅमेऱ्यापुढं धरायला लागले आणि आई साताऱ्यात पलंगावर बसून सांगायला लागली. "त्ये हिरव्या काठाचं गिरणीवाल्यांचं. त्यो चट्टेरी लेंगा मास्तरांचा, दुसरं कुणाचं न्हाई. उजेडात धर की जरा. व्हय, त्ये जांभळं लुगडं कोपऱ्यावरच्या म्हातारीचं." धाकट्याची बायको मला नंतर म्हणाली, "ताई, आईंनी त्या दिवशी जेवण मागून घेतलं. ऑपरेशनपासनं पहिल्यांदा." कापडं ओळखता आली, पण कुठल्या कापडात काय होतं ते आईलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं, किंवा ज्यांची ती वस्तू त्यांना.

म्हणून मी आयुष्यात कधी केलं नाही ते केलं. शनिवारी गल्लीतल्या प्रत्येक घराचं दार वाजवलं. उद्या दहा वाजता आमच्या गॅरेजात या, आबांकडं तुमचं सामान राहिलंय, एवढंच प्रत्येक दारात म्हणाले. रविवारी सकाळी फरशीवर दोन जुन्या चादरी अंथरल्या. आपण फौजेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही घोंगडीवर किट मांडायचात, पाण्याचा मग, वाटी, बूट, पट्टा, प्रत्येक वस्तू ठरल्या जागी. मी पलंगावर पाय वर घेऊन बघत बसायची, कारण खाली उतरायची परवानगी नसायची. तसंच मांडलं. एका चादरीवर सगळे सुटे भाग, दुसरीवर कापडं. फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला, म्हणजे आईला दिसेल.

पहिल्या गिरणीवाल्या काकू आल्या. चादरीकडं बघितलं आणि वाकून एकदम एक बटण उचललं. "ह्यो आमच्या शेगडीचा खटका! आवं, धा वर्सं मी पकडीनं ग्यास फिरवतीया!"

"काकू, मग दार वाजवायचं ना."

"तुमी दार उघडता व्हय कुणाला?" त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. मीही हसले, कारण खरंच होतं.

मास्तर चष्मा वर करून किल्ल्या बघत होते. एक हातात घेऊन म्हणाले, "ही माझ्या ट्रंकेची. गेल्या साली मी कुलूप फोडलं." तेवढ्यात डब्याजवळून आईचा आवाज, "मास्तर, आवं पंपाचं बी हाय तुमचं. न्या की. किती दिस आमीच सांभाळायचं?" मास्तर फोनपुढं वाकून मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, तुम्ही या आधी. मग निवांत भांडू." कोपऱ्यावरच्या घरातली सून आली. तिची सासू दोन वर्षांमागं गेली. तिनं सुट्या भागांकडं बघितलंच नाही. जांभळ्या लुगड्याचा तुकडा उचलला, नाकाशी धरला. "सामान ऱ्हाऊ द्या. कापड न्हेते," म्हणाली आणि लगेच निघून गेली. दुपारी दीडपर्यंत चादर जवळजवळ मोकळी झाली होती. लोक वस्तू घेताना तुमची एकेक गोष्ट सांगत होते. पुरानंतर आमचा पंप त्यांनीच उघडला, पैसे विचारले तर चिडले, चहात साखर तीन चमचे. मला तुमच्याबद्दल एका दिवसात जेवढं कळलं तेवढं आपण एका घरात राहून कळलं नव्हतं. शेवटी नऊ घरांचं उरलं. ती माणसं गल्ली सोडून गेलीत. त्या नऊ मी पुन्हा बांधल्या, ज्याच्या त्याच्या कापडात. आत काय घालायचं ते अंदाजानं घातलं, तेवढं चालवून घ्या.

आता डावी भिंत कशी लावली तेही ऐका, कारण त्याचा मला अभिमान आहे. लोखंडी अँगलचं रॅक छतापर्यंत उभं केलं, भिंतीला बोल्टनं पक्कं. भिंतीवर मोठ्या पुराच्या पाण्याची खूण अजून आहे, छातीएवढी. तिच्या खालच्या कप्प्यांत फक्त भिजलं तरी चालेल ते. बादल्या, फावडं, नायलॉनचे दोर. खुणेच्या वर हत्यारं आणि सगळ्यात वर विजेचं सामान, कागदपत्रं आणि त्या नऊ पुरचुंड्या. हत्यारांसाठी प्लायची फळी ठोकली, प्रत्येक पाना त्यावर ठेवून त्याच्या कडेनं पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आणि तिथंच हूक मारला. रिकामी रेघ दिसली की काय जागेवर नाही ते उभ्याउभ्या कळतं. तुमचे चौदा पाने, तीन पक्कडी, दोन हातोड्या. एकही फेकला नाही. आपल्या घरचं सामान माझ्या पद्धतीनं आणि दुसऱ्याच्या घरचं तुमच्या पद्धतीनं, असं मी ठरवलं. जमिनीला काही टेकू द्यायचं नाही, हा एकच नियम. सोमवारी गवंडी आला, शटर वर करून आत बघितलं आणि टोपी मागं सारली. "बाई, मी तर आज दुसरं काम धरलं हुतं. वाटलं न्हवतं तुमचं हुईल." मी म्हणाले, "ते काम सोडा." इतक्या ठामपणे मी कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही. गवंडी हसला आणि घमेलं उतरवलं.

आई ठरल्या दिवशी आली. धाकट्यानं गाडी शटरपुढं लावली, खुर्ची उघडली, तिला उचलून बसवलं आणि उतारावर ढकलायला लागला. वीस फुटांच्या मध्यावर आई म्हणाली, "थांब रं." तो थांबला. तिनं डावीकडची भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. पांढऱ्या रेघांतले पाने, डबे, चिठ्ठ्या. मी मागच्या दारात उभी होते, अगदी नववीतल्यासारखी.

"ह्यांस्नी आवडलं नसतं," आई म्हणाली.

तिनं पुन्हा एकदा त्या रेघांवरून नजर फिरवली.

"पर लय झाक केलंयस. घे रं वर." आणि धाकट्यानं एका दमात खुर्ची वर चढवली. घसरली नाही, अडकली नाही. आई सरळ स्वयंपाकघरात आली. ओट्यावर हात टेकून बसल्या बसल्या तिनं डब्याचं झाकण उघडलं, चहापत्तीचा वास घेतला आणि म्हणाली, "ही कुठली आणलीस? माझी न्हवं ही." धाकटा माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "ताई, मानलं तुला." जिंकले, आबा. आई घरात आहे आणि तुमच्या गॅरेजातून आत आली आहे.

हे पत्र टाकायचं नाही. पत्ता नाही हे एक कारण. दुसरं असं की तुम्ही वाचलं असतंत तर संध्याकाळच्या आत आईला सांगितलं असतंत. तिच्यापासून तुम्ही काही लपवलं नाहीत. ती अकरा महिने तिकडं राहिली, तेव्हा धाकट्यानं विचारलं की मी आधी पावसाळा म्हणाले, मग परीक्षा म्हणाले, मग आबांच्या वस्तूंना हात लावायचा धीर होत नाही म्हणाले. शेवटचं थोडं खरं होतं. पण थोडंच. जन्मात पहिल्यांदा हे घर माझं एकटीचं होतं. कामावरून आले की मी दार लावून घ्यायची, कुणाशी एक शब्द बोलावा लागायचा नाही, ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच भात खायची, आणि मला फार बरं वाटायचं. आई तिकडं दिवस मोजत होती आणि मला इथं बरं वाटत होतं.